गुरुजींनी हातात दिलेली लड

नदीकाठच्या एका गावी एकदा एक कापडाचा व्यापारी एस.टी.तून उतरला. बरोबर त्याची आठ वर्षांची मुलगी होती. व्यापाऱ्याचे नाव भालचंद्र, मुलीचे इंदू. दिवाळी तोंडावर आली होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तरीही तो दुकान धाकट्या भावावर सोपवून इतक्या लांब आला होता. कारण या गावात त्याचे गुरुजी राहत होते, आणि मन मोकळे करून सल्ला विचारावा असे दुसरे कोणी त्याला आता उरले नव्हते.

इंदू तीन वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. तेव्हापासून भालचंद्राने मुलीला तळहाताच्या फोडासारखे जपले होते. भात कालवून घास भरवायचा तो त्याने. बुटाचे बंद बांधायचे त्याने. पाणी पिताना पेल्याखाली त्याचा हात, जिना उतरताना दंडाला त्याचा हात. पाहुण्यांनी तिला काही विचारले तर उत्तरही तोच देई. शेजारच्या बायका म्हणत, आई असती तरी इतके केले नसते. आणि ते ऐकून त्याला मनातून समाधान वाटे.

पण मुलगी दिवसेंदिवस आक्रसत गेली. तिचा आवाज इतका बारीक झाला की ऐकायला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे. मागच्या महिन्यात शाळेत बाईंनी तिला कविता म्हणायला उभे केले. शब्द न शब्द पाठ असलेली ती पोर नुसती दाराकडे बघत राहिली. दारात वडील नव्हते. मुले हसली. त्या दिवसापासून तिने शाळेचे नाव टाकले. सकाळी दप्तर नजरेस पडले तरी तिला उलटी होई. डॉक्टरांनी तपासून सांगितले, शरीराला काही झालेले नाही.

गुरुजींची आश्रमशाळा बंद होऊन बराच काळ लोटला होता. गावची मुले आता तालुक्याच्या मोठ्या शाळेत जात. पाऊलवाट संपली आणि आवार दिसू लागले तशी भालचंद्राची चाल आपोआप मंदावली. वर्गाच्या भिंतीवर चुन्याने लिहिलेले पाढे अजून पुसट दिसत होते. चिंचेखालचा पार तोच होता, विहीरही तीच. वर लोखंडी जाळी तेवढी नवी आली होती. लहानपणी विहिरीचा कठडा त्याच्या छातीला लागे. आता तो मांडीपर्यंतच येत होता. पहाटेच्या प्रार्थनेनंतर मिळणारा कण्यांचा गरम घाटा, पावसाळ्यात ओल्या घोंगड्यांना येणारा वास, सूत कातायला ओळीने टकळ्या घेऊन बसलेली पोरे, सगळे एकदम त्याच्या आत दाटून आले. आपण इथे किती बिनघोर होतो, असे त्याला वाटले.

शाळेच्या टोकाच्या खोलीपुढे, पडवीत गुरुजी बसले होते. खूप थकले होते. मान किंचित हलत होती. टकळी मात्र पूर्वीसारखीच फिरत होती.

"कोण? भालचंद्र का रे?"

भालचंद्राने वाकून नमस्कार केला. इंदू त्याच्या सदऱ्याला धरून मागे उभी राहिली.

"नाव काय गं तुझं?" गुरुजींनी विचारले.

"इंदू. इंदुमती," भालचंद्र म्हणाला. "तिसरीत आहे."

"चिंचा आवडतात का तुला?"

"चिंचेनं खोकला होतो तिला, गुरुजी."

गुरुजींनी मान डोलावली. मग इंदूला पारावर बसवून भालचंद्राने सगळी हकिकत हलक्या आवाजात सांगितली.

"गुरुजी, मी इथे आलो तेव्हा केवढा भित्रा होतो! तुम्ही मला माणसांत आणलंत. आम्हाला धीर द्यायचात ना, तसा हिलाही द्या. चार शब्द सांगा तिला. तुमचं ऐकेल ती."

"बघू," गुरुजी म्हणाले. "आधी माझं एक काम कर. दोन्ही हात पुढे कर पाहू."

त्याने हात पुढे केले. गुरुजींनी खुंटीवरची सुताची मोठी लड काढली, त्याच्या दोन्ही मनगटांवर चढवली आणि एक टोक शोधून सुताचा गुंडा करायला सुरुवात केली.

"हात ताणून धर. खाली घेऊ नकोस. सूत फार बारीक आहे, गुंतलं तर महिन्याची मेहनत वाया जाईल."

भालचंद्राला थोडे वाईटच वाटले. पोरीसाठी जीव तुटतो आहे, इतक्या लांबून आलो, आणि यांना सुताचे पडले आहे! पण गुरुजींचा शब्द मोडण्याची सवय त्याला नव्हती. तो हात ताणून बसला.

गुंडाळता गुंडाळता गुरुजींनी पाराकडे पाहून हाक दिली. "इंदू, आज पिठलं-भाकरी आहे, पण घरात ताक नाही. ते विहिरीपलीकडचं निळ्या दाराचं घर दिसतं ना? ते सगुणाआजीचं. तिथून तांब्याभर ताक घेऊन येतेस का?"

इंदूने वडिलांकडे पाहिले.

"मी आणतो गुरुजी, ती अनोळखी माणसांशी..."

"तुझे हात गुंतलेत," गुरुजी म्हणाले.

इंदूने तांब्या उचलला. पावलापावलाला मागे बघत ती गेली. निळ्या दारापाशी उभी राहिली. तिचे ओठ हललेले भालचंद्राला इथून दिसले, आवाज मात्र आला नाही. थोडा वेळ ती तशीच थांबली आणि रिकामा तांब्या घेऊन परत आली. डोळे काठोकाठ भरले होते.

"बाबा," ती पुटपुटली, "कोणी ओ देतच नाही."

"बघा, मी म्हणत होतो ना! थांब बाळा, मी येतो," म्हणत भालचंद्र अर्धवट उठला. मनगटांवरचे सूत करकचून ताणले गेले.

"बस," गुरुजी म्हणाले.

तो लहानपणचाच स्वर होता. चाळिशीचा व्यापारी मुकाट्याने खाली बसला.

गुरुजी इंदूला रागावले नाहीत, तिची समजूतही काढली नाही. गुंडाळणे चालू ठेवून ते सहज बोलावे तसे म्हणाले, "आजी या वेळी घरातच असते. दार उघडंच आहे."

इंदू उभी राहिली. कोणीतरी पुढे काही बोलेल म्हणून ती वाट पाहत होती. कोणी बोलले नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळले, आणि ते पुसायलाही भालचंद्राचा हात मोकळा नव्हता. त्याच्या दंडांना रग लागली होती, पण त्याहून छातीत जास्त दुखत होते. अखेर तिने आपल्याच बाहीने डोळे पुसले, नाक वर ओढले आणि ती वळली.

या वेळी ती निळ्या दारातून आत गेली. दिसेनाशी झाली.

वाट पाहताना भालचंद्राची नजर विहिरीवर खिळली आणि त्याला एक जुनी दुपार आठवली. पाणी शेंदताना त्याच्या हातून दोर सुटला होता, शाळेची एकुलती एक बादली तळाला गेली होती. गुरुजींनी त्याच्या हाती लोखंडी गळ दिला आणि ते शेजारी कठड्यावर टकळी घेऊन बसले. तो रडत होता, गळ सोडत होता, ओढत होता, पुन्हा सोडत होता. गुरुजी चकार शब्द बोलले नव्हते. इतके ते रागावले होते! उन्हे कलली तेव्हा बादली वर आली. ती घेऊन तो वर्गात शिरला तेव्हा सगळी पोरे उठून उभी राहिली होती.

एवढ्यात पलीकडून खणखणीत आवाज आला.

"आजी! अहो आजी! ताक द्या ना! ताक!"

भालचंद्र दचकला. कोणाचे मूल ओरडते आहे, हे त्याला क्षणभर कळलेच नाही.

"तुझ्याच मुलीचा आवाज आहे," गुरुजी म्हणाले. "सगुणाबाईला ऐकू कमी येतं. कानाशी ढोल वाजवला तरच वळून बघते."

"आमची इंदू? ओरडली?"

गुरुजी नुसते हसले.

इंदू आली ती दोन्ही हातांनी तांब्या छातीशी धरून. फ्रॉक पुढून पुरता भिजला होता, तांब्यात निम्मेच ताक उरले होते. पण तिचा चेहरा लाल झाला होता आणि शब्द एकमेकांवर आदळत बाहेर पडत होते.

"बाबा, आजीला ऐकूच येत नाही! मी आधी हळू बोलले ना, म्हणून तिला कळलंच नाही. मग मी आत गेले नि ओरडले. ती म्हणाली, कोणाची गं तू? मी म्हटलं, मी इंदू, गुरुजींकडे आलेय. आणि तिने लोणीपण दिलं होतं. ते मी वाटेत खाल्लं."

फ्रॉक भिजला, सर्दी होईल, ठेच तर लागली नाही ना, हे सगळे भालचंद्राच्या जिभेवर आले होते. मोठ्या कष्टाने त्याने ते गिळले.

"ताक गोड आहे का गं?" त्याने विचारले.

तिने तांब्यात बोट बुडवून चाखले. "आंबट आहे. मीठ घालावं लागेल." आणि कोणाला न विचारता ती मीठ शोधायला खोलीत गेली.

लड जवळजवळ संपत आली होती. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ती बादली आठवते तुला?"

"आत्ता तीच आठवत होतो. तुम्ही फार रागावला होतात."

"रागावलो? अरे, त्या दुपारी माझं सूत इतक्यांदा तुटलं की शेवटी कापसाचा पेळूच टाकून द्यावा लागला. तू हुंदके देत होतास. दर वेळी वाटायचं, उठावं, गळ हातात घ्यावा आणि एका झटक्यात बादली काढून द्यावी. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला सुताचं वेड आहे. मला हात अडकवून ठेवायला काहीतरी हवं होतं, भालचंद्रा. मूल धडपडतंय आणि आपण बघत बसायचं, याहून अवघड काम मी जन्मात केलं नाही."

ते पुढे म्हणाले, "तू म्हणालास, धीर द्या. मी तो कोणालाच कधी दिला नाही. धीर मुलाला देता येत नाही रे, तो आपण धरायचा असतो. आपण धरलेला बघून त्याच्यात तो येतो. आपण प्रत्येक वेळी पुढे होऊन हात घालतो, तेव्हा काम होतं खरं, पण त्याबरोबर मुलाला एक निरोप पोचतो, की हे तुला जमायचं नाही. तू तो निरोप फार प्रेमानं पाठवलास, उठता-बसता पाठवलास. आणि बापाचं म्हणणं कुठलं मूल खोटं मानेल?"

"पण गुरुजी, तिला काही झालं तर?" भालचंद्राचा आवाज फाटला. "तिला आई नाही हो."

गुरुजींचा गुंडाळणारा हात थांबला.

"हे आता खरं बोललास. तुझी बायको गेली तेव्हा तुझ्या हातांना काही करता आलं नाही. म्हणून ते आता क्षणभर थांबत नाहीत. तुझं दुःख मोठं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण ते तुझं आहे. आठ वर्षांच्या पोरीनं ते का वाहावं?" त्यांनी शेवटचा पदर त्याच्या मनगटावरून सोडवून घेतला. "आणि तिला एकटीला सोड, असं मी म्हणतच नाही. त्या दुपारी मी विहिरीवरून हललो नव्हतो, हेही विसरू नकोस."

खोलीत काहीतरी खणकन पडले. भालचंद्राचे गुडघे उठायला निघाले, पण तो बसून राहिला.

"काही नाही, झाकण पडलं!" आतून इंदू ओरडली.

तो हसला, आणि हसता हसता त्याने उपरण्याने डोळे टिपले. त्या दिवशीचे ताक खारट झाले होते. भालचंद्राने आणि गुरुजींनी ते दोन दोन वाट्या मागून घेतले.

घरी परतल्यावर सगळे एका दिवसात बदलले असे नाही. सकाळी इंदू बुटाच्या बंदांशी झगडत बसे, तेव्हा भालचंद्र समोर बसून मेथी निवडू लागला. आणि कित्येकदा त्या मेथीत पानांपेक्षा काड्याच जास्त राहिल्या. घास ती स्वतः घेऊ लागली, सांडू लागली, सांडलेले पुसू लागली. पाहुणे काही विचारत तेव्हा मधली शांतता त्याला असह्य होई. ती तो सोसू लागला. सुट्टी संपून शाळा उघडली, तरी पहिले काही दिवस ती कोपऱ्यावरूनच परत फिरली. तोही काही न बोलता तिच्याबरोबर परत फिरला. मग एका सकाळी तिने आपणहून दप्तर खांद्याला लावले.

त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तिने त्याचा हात सोडला. पलीकडे दोन वेण्यांची एक मुलगी उभी होती, तिला काहीतरी सांगत इंदू आत निघाली. ती मागे वळून पाहील म्हणून भालचंद्र फाटकाशी थांबून राहिला. घंटा झाली, मैदान ओस पडले. ती वळली नव्हती.

त्याला फार बरे वाटले. थोडे वाईटही वाटले. आईबापांच्या वाट्याला ही दोन्ही एकत्रच येतात, हे उमजून तो सावकाश दुकानाच्या वाटेला लागला.