टोपलीवरचं पाणी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. एवढंच माहीत आहे, की गावामागे एक टेकडी होती, टेकडीवर देवीचं देऊळ होतं आणि देवळापर्यंत दीडशे पायऱ्या होत्या.

देवीचा पुजारी होता अनंतभट. मोठा कडक माणूस. पहाटे नदीवर आंघोळ, मग ओल्या पंचानं पायऱ्या चढणं, पूजा, नैवेद्य, खाली आल्यावर पुन्हा आंघोळ. हा सगळा वेळ तो सोवळ्यात असे, म्हणजे कुणाला शिवत नसे आणि कुणाला शिवू देत नसे. तो रस्त्यानं निघाला की बाया आपली पोरं मागे ओढून घेत. गावातली कुत्रीही शहाणी होती, तीही बाजूला होत. अनंतभट मनानं वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. आपण शुद्ध राहिलो तर देवी प्रसन्न राहील आणि देवी प्रसन्न राहिली तर गाव सुखात राहील, असं त्याला अगदी मनापासून वाटे. फक्त झालं असं, की वर्षागणिक त्याचं सोवळं वाढत गेलं आणि दिवस तेवढाच राहिला.

त्याच गावात येसू नावाचा बुरूड होता. बांबू फोडून तो सुपं, टोपल्या, पाळणे विणायचा. हाताला असं कसब, की त्यानं विणलेल्या पाळण्यात तीन-तीन पिढ्या झोपून मोठ्या व्हायच्या. पण त्याला एक खोड होती. संध्याकाळ झाली की तो मोहाची दारू प्यायचा. कुणाला शिव्या द्यायचा नाही, कुणावर हात उगारायचा नाही. झोपडीपुढे बसून काहीतरी गुणगुणायचा आणि तिथंच कलंडायचा. पण प्यायचा, हे खरं.

दारू पिणाऱ्यानं देवळाची पहिली पायरीही चढायची नाही, असा गावाचा नेम होता. गंमत अशी, की देवीच्या फुलांची टोपली मात्र येसूच विणत असे. दर महिन्याला नवी टोपली तो पहिल्या पायरीवर ठेवायचा आणि चार पावलं मागे सरायचा. अनंतभट तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडायचा. तेवढ्यानं टोपली शुद्ध व्हायची आणि थेट देवीपुढे जाऊन बसायची. विणणारा खालीच राहायचा. यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नसे. येसूलाही नाही.

अनंतभटाच्या घरात तो आणि त्याची म्हातारी आई, अशी दोघंच. चिमाआईनं चाळीस वर्षं देवीचे हार गुंफले होते, रोज दीडशे पायऱ्या चढून स्वतःच्या हातानं देवीला घातले होते. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले. तेव्हापासून शेजारीण सकाळी तिचं आवरून अंगणात कडुनिंबाखाली तिची बाज टाकून द्यायची आणि शेतावर जायची.

म्हातारीचं मागणं एकच होतं. एकदा देवीचं तोंड बघू दे, मग खुशाल डोळे मिटीन, असं ती मुलाला म्हणायची. अनंतभट होकार द्यायचा. पण कधी एकादशी आडवी यायची, कधी ग्रहण, कधी गावात कुणाचं सुतक. आणि आपण सोवळ्यात असताना अंथरुणाला खिळलेल्या आईला पाठीवर घ्यायचं तरी कसं? त्यानं गावातल्या नेमधर्म पाळणाऱ्या चार जणांना डोलीसाठी विचारून पाहिलं. एकाची कंबर धरली होती, दुसऱ्याचा गुडघा. तिसऱ्यानं मुहूर्त चांगला नसल्याचं सांगितलं. चौथा तर विचारण्याआधीच लंगडू लागला.

असं होता होता चैत्र लागला. उन्हं तापू लागली.

आता कडुनिंबाची सावली काही एका जागी राहत नाही. सकाळी बाज सावलीत असली तरी घटकाभरानं तिच्यावर ऊन यायचंच. पण अनंतभट दुपारी घरी यायचा तेव्हा आई सावलीतच असायची, उशाशी भरलेला गडू असायचा आणि तिचं तोंड हसरं असायचं. बाज आपोआप कशी सरकते, पाय गेलेली बाई गडू कसा भरते, हे त्याच्या मनात कधी आलं नाही. अंगणात बांबूचे कपटे पडलेले दिसायचे, तेही वाऱ्यानं आले असतील असं त्याला वाटे. ज्याची नजर सदैव आपल्याच पंचाच्या काठावर असते, त्याला इतर गोष्टी जरा उशिरा दिसतात.

एके दिवशी कुंकवाचा करंडा घरी विसरला म्हणून तो पूजेआधीच परत आला. पाहतो तर अंगणात येसू. अर्धी विणलेली टोपली बाजूला पडलेली. त्यानं एका हातानं चिमाआईची मान उचलून धरली होती आणि दुसऱ्या हातानं तो तिला पाणी पाजत होता.

अनंतभटाच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरात, माझ्या आईच्या तोंडाला दारुड्याचा हात! चिमाआई सांगत होती, की त्याच्या झोपडीपुढे झाड नाही म्हणून मीच त्याला इथं बसायला सांगितलं, दोन वर्षं तोच माझी बाज सरकवतो. पण ऐकतो कोण? त्यानं लगोलग गाव जमवलं. ज्यांच्या कंबरा आणि गुडघे धरले होते ते सगळे तरातरा चालत आले, आणि येसूनं यापुढे वेशीवरच्या वडाच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

येसू हात जोडून उभा होता.

"पितो मी, भटजी. ते वाईट, हेबी मला कळतं," तो म्हणाला. "पण आईंना पाणी देताना मी कधी प्यालेलो नव्हतो. तेवढं मी पाळलं."

एवढं बोलून त्यानं आपला कोयता उचलला आणि तो वडापलीकडच्या आपल्या झोपडीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनंतभट घरी आला तेव्हा बाज उन्हात होती. चिमाआईचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते, गडू कोरडा होता. कुणाला हाक का मारली नाहीस, असं त्यानं विचारलं. मारली, पण ऐकायला कुणी नव्हतं, असं ती म्हणाली. त्यानं शेजारणीला शेतावर बोलावणं पाठवलं, आणि ती येईपर्यंत दोन हात लांब उभा राहून आईला वारा घातला. त्याच्या परीनं त्यानं काळजीच घेतली, नाही असं नाही.

तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी मात्र म्हातारीला उन्हाची भोवळ आली होती. मुलगा समोर दिसताच तिनं काही न सुचून हात पुढे केला, लहान मूल करतं तसा.

आणि अनंतभट मागे सरला.

मुद्दाम नाही हो. नुसत्या सवयीनं. सोवळ्यात असलेलं त्याचं पाऊल आपोआप मागे पडलं. पण आईनं ते पाहिलं. तिनं हात हळूच पदराखाली घेतला. ती रागावली नाही, रडलीही नाही.

"अनंता," ती म्हणाली, "येसूच्या टोपलीवर तू पाणी शिंपडतोस, मग ती तुला चालते. माझ्यावरही शिंपड थोडं. मग तुला हात लावता येईल."

अनंतभटाच्या हातात तांब्या होता. तो तिथल्या तिथं निसटून पडला आणि पाणी मातीत गेलं. पोथ्या वाचून जे चाळीस वर्षांत कळलं नव्हतं ते त्याला एका क्षणात कळलं, आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला. त्यानं खाली बसून आईला दोन्ही हातांनी उचललं. किती हलकी झाली होती ती! इतकी हलकी, की दीडशे पायऱ्या काय, तीनशे चढून जाता आलं असतं. दोन वर्षांत त्यानं तिला एकदाही उचललं नव्हतं, मग त्याला कळणार कसं?

आईला घरात निजवून, पाणी पाजून, शेजारीण येताच तो तसाच वडाकडे निघाला. वाटेत पोरं आडवी आली, एक कुत्रं पायात घोटाळलं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. येसू झोपडीपुढे बसला होता. त्याचे डोळे तांबारलेले होते. गावाबाहेर काढल्यापासून तो भर दिवसाही प्यायला लागला होता.

अनंतभटानं त्याच्यापुढे हात जोडले. माझं चुकलं, म्हणाला. आईला देवीला न्यायचंय, तू बरोबर चल, म्हणाला.

येसू उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला.

"आज नाही, भटजी. आज माझे पाय माझे नाहीत," तो म्हणाला. "आईंना पायऱ्यांवरून न्यायचं तर शुद्धीत न्यायला पाहिजे. उद्या सकाळी या. तवर मी त्यांना बसायला काहीतरी विणतो."

स्वतःच्या उणेपणाचं असं सरळ माप कुणी सांगताना अनंतभटानं आजवर ऐकलं नव्हतं. नेम पाळणाऱ्यांच्या तोंडून तर नाहीच. स्वतःच्याही नाही.

येसूनं त्या संध्याकाळी मोहाच्या दारूला हात लावला नाही. हात थरथरत होते, अंगाला घाम सुटत होता, तरी तो विणत राहिला. सकाळी पाठीवर बांधायची बांबूची खुर्ची तयार होती, आणि तिला कडेनं मऊ काठ होता, पाळण्याला असतो तसा.

दोघांनी चिमाआईला तीत बसवून पहिल्या पायरीपाशी आणलं. बातमी लागलीच होती, गाव जमलं. दारुडा पायरी चढला तर देवी कोपेल, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत, असं एकजण अनंतभटाला म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यानंच शिकवलं होतं.

येसू सवयीनं चार पावलं मागे सरला. अनंतभटाचा हातही सवयीनं तांब्यात गेला. आता भटजी बुरडाला शुद्ध करून घेणार, असं सगळ्यांना वाटलं. लोक थोडे पुढे सरकले.

अनंतभटानं ओंजळभर पाणी घेतलं आणि ते आपल्याच डोक्यावर शिंपडलं. मग त्यानं येसूचा हात धरला आणि त्याला पहिल्या पायरीवर घेतलं.

अर्ध्या पायऱ्या आईला मुलानं नेलं, अर्ध्या येसूनं. वर पोचल्यावर चिमाआईनं देवीच्या गळ्यात स्वतःच्या हातानं हार घातला, तिच्या गालावरून बोटं फिरवली आणि कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. देवी काही कोपली नाही. त्या वर्षी पाऊसही चांगला झाला, हे गावकऱ्यांनी पुढे बऱ्याच दिवसांनी कबूल केलं.

चिमाआई त्यानंतर सहा महिने जगली, आणि त्या सहा महिन्यांत एकही दिवस उन्हात राहिली नाही. बाज कधी येसू सरकवायचा, कधी अनंतभट.

येसूची दारू सुटली का, असं तुम्ही विचाराल. देवीपुढे उभा राहिला आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही, असं सांगायला मलाही आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर पुरती सुटली नाही. पुष्कळ कमी झाली. एखाद्या दिवशी तोल जायचा, आणि त्या दिवशी तो स्वतःच अंगणात यायचा नाही. मग अनंतभट भाकरी घेऊन वडापलीकडे जायचा, तो जेवेपर्यंत शेजारी बसायचा आणि दारू का वाईट हे त्याला हळू आवाजात सांगायचा. देवळात, चारचौघांसमोर, त्यानं ते पुन्हा कधी सांगितलं नाही.

देवीची टोपली येसूच विणत राहिला. मात्र आता ती तो स्वतः वर घेऊन जायचा, आणि तिच्यावर पाणी शिंपडायची चाल त्या गावातून कायमची गेली.

तात्पर्य: माणसाच्या ओठाला काय लागलं हे पाहून त्याला जोखू नये, त्याचा हात कुणासाठी पुढे झाला ते पाहावं.