अक्काने न ठोकलेली खुंटी

एका नदीच्या वळणावर फार जुनं गाव होतं. कधीकाळी महापुराचं पाणी जिथवर चढलं, तिथं पूर्वजांनी दगड रोवले होते. दर दिवाळीला त्यांना गेरू लागे. दगडांच्या खाली पीक घ्यावं, गुरं चारावीत. घर बांधायचं नाही. नव्या घराची पहिली खुंटी गावच्या कारभारणीने ठोकायची. त्याशिवाय एकही गवंडी पायाला हात लावत नसे.

कारभारणीला सारे अक्का म्हणत. तिच्या एकुलत्या एका भावाला नदीकाठच्या मळ्यात माडी बांधायची होती. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्याने ताटात सोन्याची पाटली ठेवली आणि हळूच विषय काढला. मळा आपलाच आहे, एवढं पाणी हयात माणसांपैकी कुणी पाहिलेलं नाही, आणि खालच्या गावात तर काठाने माड्यांची रांग लागली आहे. ते खरंच होतं. तिथला कारभारी मोठा मनमिळाऊ. खांद्यावर शालजोडी पडली की खुंटी ठोकून मोकळा.

अक्काने पाटली परत केली. "मळा तुझा, पण वाट नदीची. वर माळावर बांध, खुंटी आत्ता ठोकते."

"सख्ख्या भावालाही नाही?"

"सख्ख्या भावाला तर मुळीच नाही."

त्याने गवंड्यांना दुप्पट मजुरी कबूल केली. एकही आला नाही. अखेर त्याने माळावरच घर बांधलं. पुढे दर भाऊबीजेला तो ओवाळून घेई, "काय अक्का, आली का तुझी नदी?" एवढंच विचारी आणि फराळाला हात न लावता उठे. टोमण्यापेक्षा ते उपाशी उठणं अक्काला लागे. गावही हळूहळू हसू लागलं. ती दगडांना गेरू लावत राहिली.

मग एका श्रावणात नदी आली. गेरूच्या दगडांना टेकली आणि थांबली. गावातली एकही चूल विझली नाही. खालच्या गावातल्या माड्या मात्र बुडाल्या. गावाने होड्या सोडल्या, छपरांवरची माणसं उतरवून माळावर आणली. मनमिळाऊ कारभारीही त्यांत होता, शालजोडीसकट भिजलेला. भावाच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

अक्का भाकरीची टोपली घेऊन दारात आली. भावाने ती तिच्या डोक्यावरून उतरवली.

"अक्का, आली गं तुझी नदी."

"माझी कसली? ती तिच्या जागेत आली. आपलं गाव तिच्या वाटेत नव्हतं." हे बोलताना तिची मान ताठ होती.

सगळ्यांना वाटून उरलेली अर्धी भाकरी भावाने बहिणीशेजारी बसून खाल्ली. कित्येक वर्षांनी.

तात्पर्य: नदीला शालजोडी पांघरवता येत नाही. ज्याच्या हाती परवानगी, त्याने आपल्या माणसालाही 'नाही' म्हणावं. गाव त्याच हिमतीवर उभं राहतं.