पैलवानाला किती भर द्यावी

"...पण निम्मीच का, महाराज?"

केवलनाथ सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दहा गुण म्हणजे साधा माणूस, हे कबूल," निशिकांत म्हणाला. "अठरा बळाचा पैलवान त्याच्याहून आठांनी वरचढ. मग फाशावर त्याला आठाची भर मिळायला हवी. तुम्ही चारच देता. उरलेले चार कुठे जातात?"

"बघितलं नाही कधी," नाथ म्हणाले.

केवलनाथांच्या मठात पोथी नव्हती, प्रवचन नव्हतं. संध्याकाळी बैठक बसायची आणि खेळ चालायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, आसनावर बसून नाथांनी गोष्ट पुढे न्यायची, आणि पुढे काय होणार हे ठरेना तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पात्राचा गुण दहाच्या जेवढा वर, त्याच्या निम्मं फाशात मिळवायचं. जेवढा खाली, त्याच्या निम्मं वजा करायचं. गावातले लोक याला जुगार म्हणत, आणि जेवणं आटोपून खेळायला तेच येत.

अलीकडे नाथांचा आवाज बसत चालला होता. आसनावर दुसरं कुणीतरी बसावं लागणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

निशिकांतला ते आसन हवं होतं. फार हवं होतं. हिशेबात त्याचा हात धरील असा मठात कुणी नव्हता, आणि हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागत नसे.

"नियम बदलू या," तो म्हणाला. "ज्याचं जेवढं, त्याला तेवढं. पुरती भर, पुरती घट."

"बदल."

एवढ्या सहज होकार मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मठाची रीत ठाऊक आहे ना?" नाथांनी विचारलं.

रीत ठाऊक होती. नवा नियम आणणाऱ्याने त्या नियमातलं सर्वांत दुबळं पात्र घेऊन खेळायचं. निशिकांतने चार बळाचा एक खंगलेला नावाडी घेतला. अठरा बळाचा पैलवान गोदाक्कांच्या वाट्याला आला. गोदाक्का सत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू, पण पैलवान मिळाला की पदर खोचून बसायच्या.

नाथांनी गोष्ट सुरू केली. नदीला पाणी चढतंय. होडी चिखलात रुतली आहे. होडीत नावाड्याची लेक.

"होडी ढकलायची तर पंधरा हवेत. टाक."

निशिकांतने फासा टाकला.

वीस.

बैठक हसली, कुणी टाळी दिली. वीस म्हणजे फाशावरचं सगळ्यांत मोठं दान, रोज थोडंच पडतं.

"वजा सहा," नाथ म्हणाले.

चौदा...

टाळी देणाऱ्याने हात मांडीखाली घेतले. जुन्या नियमाने तीनच वजा झाले असते आणि होडी निघाली असती. निशिकांतला हे इतरांच्या आधी कळलं. त्याचे कान तापले.

"वीस पडूनही चिखलातच का रे बाबा?" गोदाक्का म्हणाल्या. "मग आणखी किती पाडायचे त्या बापाने?"

नाथांनी फासा त्यांच्याकडे सरकवला. सात पडले. सात आणि आठ पंधरा. होडी निघाली, लेक वाचली, पण टाळी कुणी दिली नाही. गोदाक्कांनी खोचलेला पदर सोडला.

"सातात निघाली," त्या पुटपुटल्या. "मी काय केलं त्यात?"



"माझं चुकलं," निशिकांत म्हणाला. "भर नको, घटही नको. सगळ्यांना नुसता फासा. मग तर कुणावर अन्याय नाही?"

"मग यांचा पैलवान तालमीत काय झोपा काढायला जात होता?" नाथांनी गोदाक्कांकडे बोट करत विचारलं.

निशिकांतने मनातल्या मनात पुरती भर ठेवून पाहिली, काढून पाहिली, पाऊण करून पाहिली... कुठेच बूड टेकेना. आणि त्या हिशेबाखाली दुसरंच काहीतरी सलत होतं, ते त्याला आता दाबता येईना.

"महाराज, एकच सांगा. या आसनाला लागतात ते गुण माझ्यात आहेत की नाहीत?"

नाथ उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आसन मोकळं झालं. निशिकांत अर्धवट उठला.

नाथांनी हात पुढे केला. तळहातावर फासा होता.

"आहेत," ते म्हणाले.

निशिकांतने फाशाकडे पाहिलं, मग मोकळ्या आसनाकडे.

"आहेत... तर मग हा कशाला?"

"आहेत म्हणून. गुणांची भर निम्मीच, उरलेलं टाकूनच कळतं."