चाळिसावं पान

“पण बुवा, नाहीच म्हणायचं होतं, तर त्याला अकरा महिने कशाला लागावेत?”

मुकुंदाने दोन बाडं बुवांपुढे आपटली. कादंबरी एकच, तिच्या प्रती दोन. एक प्रकाशकाकडून ‘साभार परत’ आलेली. दुसरी, लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्या कंपनीकडून. तिचं उत्तर तीन दिवसांत आलं होतं.

“काय म्हणतात कंपनीवाले?”

“अप्रतिम! एका अक्षरालाही हात लावायची गरज नाही. पैसे भरले की महिन्यात पुस्तक हातात.”

बळवंतबुवा हसले. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून ते गिरणाकाठच्या या मठीत येऊन राहिले होते. नवे लेखक त्यांना गुरू मानत. मुकुंदा त्यातला लाडका, आणि नाकावर माशी बसू न देणारा.

“खूण केली होतीस ना रे?”

मुकुंदा ओशाळला. लोक न वाचताच परत पाठवतात, अशी त्याची खात्री. म्हणून दोन्ही प्रतींत त्याने चाळिसाव्या पानाची कड पुढच्या पानाला खळीने चिकटवली होती.

“मग बघितलंस?”

“प्रकाशकाचं रागाने सोडलंच नाही.”

“आणि कंपनीचं?”

“त्यांनी कौतुकच केलं होतं... मग कशाला बघायचं?”

बुवांनी कंपनीची प्रत उघडली. पानं चिकटलेलीच होती.

मग प्रकाशकाची सोडली. पानं सुटी होती, ओल्या बोटाने हळूच सोडवलेली, कुठेही न फाटता. समासात पेन्सिलीची बारीक अक्षरं होती. बुवांनी चष्मा पुसून वाचलं.

‘यापुढे नायकाची आई दिसत नाही. मी शेवटपर्यंत तिची वाट पाहिली.’

मुकुंदाने ते स्वतः पुन्हा वाचलं.

खरंच होतं. नायक शहरात गेला आणि आई मागेच राहिली. कादंबरी तीनदा लिहून काढली, तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला रडू आलं.

“म्हणजे कंपनीकडे छापू नको म्हणता?” डोळे पुसत त्याने विचारलं.

“छाप की. कुठंही छाप.”

“आणि प्रकाशकाकडे परत पाठवली, तर घेतील?”

“काय सांगावं...”

बुवांनी बाड त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पाठीवरून हात फिरवला.

“आधी म्हातारीला घेऊन ये, बाळा. जेवायची खोळंबली असेल ती, चाळिसाव्या पानावर.”