गिरमाजीशेठचा पिढीजात तोटा

"मजुरीच्या मापावर शीग दिली तर मी भिकेला लागेन, महाराज!" असं म्हणत गिरमाजीशेठने दरबारात लोळणच घेतली.

लोळण घेतली तीही गालिचा बघून. अंगात फाटका सदरा होता, तो गळून पडू नये म्हणून दोन नोकर दोन बाजूंनी धरून उभे होते. शिवाय शेठचा घसा दुखू नये म्हणून रडायला एक माणूस रोजाने आणला होता. तो बिचारा मन लावून हंबरडा फोडत होता.

प्रकरण एवढंच होतं. शेठच्या वखारीत चाळीस बायका पोहे कांडायच्या. दिवसभराची मजुरी म्हणजे एक मापटं पोहे. मापटं भरलं की शेठ वरून तळहात फिरवायचा आणि वर आलेली शीग परत पोत्यात ढकलायचा. हे अचलराव महाराजांच्या कानावर गेलं आणि त्यांनी दवंडी पिटवली, यापुढे मजुरी शिगेसकट द्यायची.

महाराज एकदा बोलले की बोलले, पण रडणं त्यांना अजिबात सोसायचं नाही. त्यांनी कानांत बोटं घातली आणि कांडपिणींना बोलावणं धाडलं.

"शेठला शीग परवडते हे सिद्ध करा. सूर्य डोक्यावर यायच्या आत. त्याच्या घरात जायचं नाही, वह्या उघडायच्या नाहीत, साक्षीदार आणायचा नाही. नाही जमलं तर मापटंही गेलं. उद्यापासून चिपटं, म्हणजे त्याच्या निम्मं!"

बायकांचे चेहरे उतरले. ठकू कांडपिणीने बोटांवर हिशेब केला. घरी चार तोंडं, मापट्यात कशीबशी भागायची. चिपट्यात कुणाला उपाशी निजवायचं? तिने मनातल्या मनात शेठला चार शिव्या हासडल्या आणि ती पुढे झाली.

"शेठ, या धंद्यात तुम्हाला सुटतं तरी काय?"

"सुटतं? अगं, आजोबांच्या वेळेपासून नुसता तोटा."

"दर वर्षी?"

"न चुकता."

"आणि आमची मजुरी?"

"तुमचं काय, राण्यांसारख्या आहात. दिवस मावळला की पदरात आयते पोहे. झोप उडते ती माझी."

ठकूला फार वाईट वाटलं. म्हणजे तिने तोंड तरी तसं केलं आणि पदराने डोळे टिपले.

"महाराज, एवढ्या भल्या माणसाने एकट्याने किती सोसायचं? हा तोटा आम्हाला द्या. वखार, भात, गिऱ्हाइकं, सगळ्यासकट. आम्ही चाळीसजणी आहोत, वाटून घेऊ. शेठ उद्यापासून मुसळ धरतील. त्यांना रोज मापटंभर पोहे देऊ, राणीसारखे राहतील."

रडणारा रडायचा थांबला. आता कुणाच्या बाजूने रडायचं ते त्याला कळेना.

"शेठ, सुटलात तुम्ही," महाराज म्हणाले. "कारकून, लिहा, तोटा ठकूच्या नावावर."

शेठ ताडकन उठला. सदरा नोकरांच्या हातात राहिला आणि आतली जरीची बंडी लखलखली.

"तोटा द्यायचा नाही!"

"निम्मा तरी?" ठकूने विचारलं.

"चिमूटभरसुद्धा नाही! आजोबांनी मरताना माझ्या हातात दिलाय तो. दोन पोरांना वाटून द्यायचाय. धाकट्याला तर सासऱ्याने हा तोटा बघूनच मुलगी दिली!"

महाराजांनी हसू दाबून बघितलं. ते काही जमलं नाही. हसता हसता मुकुट नाकावर आला.

"अरे, असा तोटा माझ्या खजिन्यातही नाही. मलाच का देत नाहीस?"

शेठने महाराजांचे पाय धरले. "महाराज, शीग घ्या, दोन वेळा घ्या, पण माझ्या तोट्याला हात लावू नका!"

मग काय, हुकूम सुटला. मापटं शेठनेच भरायचं, शीग ओघळेपर्यंत. ठकूला लुगडं-चोळी आणि एक दुभती म्हैस मिळाली, तीही शेठच्या गोठ्यातली.

तेवढ्यात रडणाऱ्याने शेठपुढे उपरणं पसरलं. "शेठ, माझा रोज. शिगेसकट."

तेव्हा मात्र शेठला खरंखुरं रडू कोसळलं, आणि महाराज मुकुट सावरत म्हणाले, "बघ शेठ, हे काम तुला फुकटातही जमतं!"