केरबाच्या पाठीतला गोचीड

"मग आज तरी मंत्र देणार ना, बुवा?"

केरबानं हे विचारलं तेव्हा दोघं कुरणाच्या मध्यावर होते. गवत कमरेच्या वर गेलेलं, कुसळं पिकलेली, आणि आश्विनातलं पिवळं ऊन सगळ्यावर सायीसारखं धरलेलं. पलीकडच्या झऱ्यावर जायचं, आंघोळ करायची, आणि बुवांच्या मनात आलंच तर कानात मंत्र पडायचा. त्या एका मंत्रासाठी केरबा घरदार सोडून मठात येऊन राहिला होता.

लिंबाजीबुवा गुरांनी मळलेल्या वाटेनं चालत होते, ते इतकं सावकाश की म्हातारा झोपेतच चालतोय की काय असं वाटावं. धोतर पायांना घट्ट गुंडाळलेलं, पावलांना करंजाचं तेल चोपडलेलं. निघताना तेलाची वाटी त्यांनी केरबापुढेही धरली होती. केरबानं नको म्हटलं. देहाचे चोचले आपण कधीच सोडले, असं त्याचं म्हणणं.

वाटही त्याला पसंत नव्हती. ती आपली वळणं घेत घेत जाणार, आणि झरा तर नाकासमोर दिसतोय. म्हणून हा पठ्ठ्या सरळ गवतात घुसला होता आणि गवतातूनच बुवांशी बोलत होता.

"वाटेवर ये," बुवा म्हणाले. "गवतात गोचीड आहेत."

"साधूला कसला आलाय गोचीड?"

"तू साधू आहेस हे त्याला कुणी सांगितलंय?"

बुवा थांबले. वाटेकडेच्या एका पात्याकडे त्यांनी बोट केलं. शेंड्यावर तिळाएवढा गोचीड बसला होता. पुढचे दोन पाय हवेत पसरलेले. वाऱ्यानं पातं डोललं की तोही डोलायचा, पण पाय काही खाली घ्यायचा नाही.

"काय करतोय?" केरबानं वाकून विचारलं.

"वाट बघतोय. कुणी जवळून गेलं की धरलं त्याला." बुवा गालात हसले. "मठाच्या दारात तू पण असाच बसला होतास."

बुवांनी सहज थट्टा केली. पण केरबाच्या ते वर्मी लागलं. गोचीड हा शब्दच त्याला ऐकवत नसे.

"थोरला हेच म्हणाला होता," तो हळूच म्हणाला.

"कोण? तुझा भाऊ?"

"व्हय. भरल्या ताटावर म्हणाला. गोचीड परवडला, म्हणाला, पोट भरल्यावर गळून तरी पडतो. तू तेवढं पण करत न्हाईस."

"उगाच म्हणाला?"

केरबा गवताचं कुसळ दातात धरून चालत राहिला.

"पेरणीत मी भजनाला निघून गेलो होतो. बैलांमागं तो एकटाच होता."

"...मग?"

"मग काय. ताटावरनं उठलो आणि उंबरा ओलांडला. एका झटक्यात तोडलं सगळं, बुवा. मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाई."

हे सांगताना त्याची मान आपोआप ताठ झाली. गावोगावच्या बैराग्यांना त्यानं हे ऐकवलेलं होतं, आणि दर वेळी मान अशीच ताठ व्हायची.

वारा सुटला. सगळं कुरण एका अंगाला कललं, पुन्हा उठलं, पुन्हा कललं. केरबाला वाटलं, आपण चालतच नाही. आपण जागच्या जागी उभे आहोत आणि गवतच आपल्या दोन्ही अंगांनी वाहत चाललंय. डोळे जड झाले. झोपेत बरळावं तसा तो बोलत राहिला.

"तो दारात आला होता. हात खरकटाच. डोईला काय बांधलेलं नव्हतं. वहिनीनं त्याची बाही धरली होती. हाक मारायला तोंड उघडलं त्यानं... आणि मिटून घेतलं."

बुवा थबकले.

"मागं न बघता एवढं दिसलं?"

केरबानं तोंडातलं कुसळ थुंकून टाकलं.

झरा आला. खडकातून पाणी निघत होतं, पण आवाज कुठून दुरून आल्यासारखा वाटत होता. केरबानं कपडे उतरवले आणि त्याचं साधुपण लगेच उघडं पडलं. पोटऱ्यांवर, गुडघ्यांमागे, बेंबीशी गोचीड नुकतेच लागले होते.

"बस इथं," बुवा म्हणाले.

खडकावर बसून बुवा एकेक काढू लागले. नखं अगदी कातडीला टेकवायची, आणि हलकेच, सरळ वर. पिळायचं नाही, हिसकायचं नाही. म्हातारा ओढतोय असंही वाटत नव्हतं. गोचीड स्वतःहून सोडील याचीच जणू तो वाट बघत होता. आणि एकेक गोचीड अख्खा निघत होता, डोक्यासकट.

केरबाला पेंग आली. त्या बोटांत काहीतरी फार ओळखीचं होतं. लहानपणी गुरं राखून घरी आलं की थोरला त्याला अंगणात पालथा पाडायचा. पाठीवर बसल्यासारखं करायचा आणि गोचीड बघायचा. 'श्वास सोड,' म्हणायचा, 'हं, असा,' आणि श्वास संपता संपता गोचीड काढायचा. केरबा कितीदा तरी तसाच, मातीला गाल लावून, झोपी गेला होता.

"पाठ कर," बुवा म्हणाले, आणि तो दचकून जागा झाला.

पाठीत, उजव्या खांद्याखाली, आणखी एक होता. हा आजचा नव्हता. ज्वारीच्या दाण्याएवढा फुगला होता.

"हा जुना आहे," बुवा म्हणाले. "याला वेळ लागेल."

"चटका द्या विडीचा. सुटेल."

"भाजला तर आतल्या आत ओकेल. दम धर."

पण दम कुठून धरणार? ऊन उतरायला लागलं होतं. आंघोळ राहिली होती, मंत्र राहिला होता, आणि म्हातारा आपला एका किड्यापाशी अडून बसला होता. शिवाय त्या बोटांखाली केरबाला उगाच रडू येऊ पाहत होतं, ते त्याला मुळीच नको होतं. त्यानं हात मागे वळवला, चाचपलं, चिमटीत धरलं आणि हिसडा दिला.

"निघाला, बुवा."

त्यानं तळहात पुढे केला. बुवांनी तो आपल्या डोळ्यांजवळ नेला, उन्हाकडे कलता केला.

"डोकं कुठंय?"

केरबानं बघितलं. नुसतं टपोरं अंग होतं, पुढे काही नव्हतं. पाठीत मात्र एक काळा ठिपका राहिला होता आणि भोवती लाली चढत होती. ते त्याला दिसत नव्हतं. ठणका लागला होता तेवढा.

"राहू द्या," तो म्हणाला. "एवढ्याशानं काय होतंय. अंग तर तुटलं ना?"

"तुटलं," बुवा म्हणाले. "...सुटलं नाही."

केरबानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. झऱ्यात बुडी मारली, ओलेत्यानंच येऊन बुवांपुढे गुडघे टेकले आणि उजवा कान पुढे केला. आजही नाही म्हणाले, तर जायला त्याला कुठलीच जागा उरलेली नव्हती.

"द्या, बुवा."

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. वारा पडला. कुरणातलं पातं न् पातं स्थिर झालं.

मग बुवा वाकले. एक हात त्यांनी केरबाच्या ओल्या पाठीवर ठेवला, बरोबर त्या ठणक्याशी. दाढी कानाला लागली. केरबानं डोळे मिटले, श्वास सोडला.

आणि मंत्र सांगावा तसं, अगदी हलक्या आवाजात, बुवा म्हणाले,

"घरी जा. थोरल्याला म्हणावं, डोकं आत राहिलंय... सावकाश काढ."