एकेकानं एकच

फार वर्षांपूर्वी, खैरदऱ्याच्या ओढ्यावर वाघ दिवसाढवळ्या पाणी प्यायला उतरायचा, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा खैरदऱ्यात गोजराबाई नावाची सुईण होती. सगळे तिला गोजाई म्हणत. डोंगराच्या अल्याड-पल्याडच्या वाड्यांत जेवढी माणसं होती, ती सगळी तिच्याच हातांत जन्मली, असं म्हणतात.

गोजाईचं एक काळं-पांढरं अबलख तट्टू होतं, पाखऱ्या. त्याची शेपटी पार खुरांपर्यंत लोळायची. गोजाई ती रिठ्यानं धुवायची, करंजाचं तेल लावायची, गुंता बोटांनी सोडवायची. चिखलाची वाट आली की शेपटीची वेणी घालून कापडी पिशवीत बांधायची. स्वतःच्या डोक्याला मात्र महिना महिना तेल नाही. लोक हसायचे, "पोटी पोर नाही, म्हणून तट्टाचे लाड," म्हणायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? पल्याडच्या वाड्यांना जायची वाट खिंडीतून होती, आणि खिंडीतल्या गोमाश्या बैलालासुद्धा रक्तबंबाळ करून सोडत. तिथून पाखऱ्या माश्या झोडपत जायचा, स्वतःच्या अंगावरच्या आणि पाठीवरच्या गोजाईच्याही. त्या शेपटीच्या वाऱ्यानं खिंडीतली झाडं हलायची, असं म्हणतात.

आता माणसाची जात बघा. कुणीतरी उठवलं, की पाखऱ्याच्या शेपटीचा केस बाळाच्या मनगटाला बांधला की दृष्ट लागत नाही. झालं! आत गोजाई बाळंतिणीपाशी घाम गाळतेय, आणि बाहेर अंगणात हे लोक तिचंच तट्टू भादरतायत. एकानं बाळासाठी केस नेला, दुसरीनं बाळ व्हावं म्हणून नेला, तिसऱ्यानं म्हशीसाठी नेला. म्हशीसाठी! गोजाई भांडली, पिशवीचं तोंड शिवून टाकलं, तरी केस जातच राहिले. तिनं विचारलं की जो तो म्हणायचा, "अगं, एकच तर घेतला."

भाद्रपदात निरोप आला, की पाटलांची लेक चंद्रभागा खिंडीपल्याड सासरी अडली आहे. गोजाई तशीच उठली आणि पाखऱ्यावर बसून निघाली. पण शेपटीत उरलं होतं काय? त्यापेक्षा झिजलेली केरसुणी बरी. खिंडीत माश्यांनी घेरलं. पाखऱ्या झोडपायला गेला आणि नुसता दांडा हलला. तो उधळला, गोजाईला पाडून जमिनीवर लोळू लागला. तिनं अंगावरचं कांबळं त्याच्यावर टाकलं, त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि रडत, शिव्या घालत पायी पुढं गेली.

पोचेपर्यंत उशीर झाला होता. मूल निळं पडलं होतं. गोजाईनं तोंडानं त्याच्यात श्वास भरला, आपल्या आयुष्यातली वर्षं ओतली, असं म्हणतात. मूल रडलं. तेव्हा कुठं तिला चंद्रभागेच्या दंडाला बांधलेला लांबसडक पांढरा केस दिसला.

"ह्यो कुणी दिला गं?"

"आबांनी. लौकर सुटका व्हावी म्हणून."

गोजाई उठली. वाटेत खिंडीतून रक्तानं माखलेल्या पाखऱ्याला घेऊन ती थेट खैरदऱ्याच्या चावडीवर आली. नातू झाला म्हणून पाटील तिथं गावाला साखर वाटत होते.

"ती साखर ठेव खाली," गोजाई म्हणाली. "पाटील असशील गावाचा, पन तुला बी ह्याच हातांनी जगात आणलाय. ह्याची शेपटी कुठं हाय?"

"मी तर एकच केस घेतला, गोजाई. लेकीसाठी."

"आमी बी एकच," मागून माणसं बोलली.

"समद्यांनी एकच! मग शेपटी काय घारीनं नेली? अरं, लेक सुटावी म्हणून केस उपटलास, आन् त्याच केसावाचून तुझा नातू मरत हुता! आता ज्यानं नेला त्यानं आपल्या डोक्याचा द्यायचा. कातरून न्हाई, उपटून."

आणि तिनं पाटलांच्या शेंडीचा एक केस धरून खसकन उपटला. पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखलं?" गोजाई म्हणाली. "एकच तर हुता."

मग सगळं गाव मुकाट्यानं रांगेत उभं राहिलं. अंबाड्यासाठी गंगावन वळतात, तसं बायकांनी त्या केसांचं गंगावन वळलं आणि पाखऱ्याच्या शेपटीला गुंफलं. रातोरात त्यानं मूळ धरलं आणि काळी, पांढरी, तांबूस अशी शेपटी पुन्हा खुरांना टेकली, असं म्हणतात. गोजाई आणि पाखऱ्या पुढं त्या खिंडीतच दिसेनासे झाले. वाऱ्याच्या दिवशी तिथं अजून माशी बसत नाही.

खिंडीत आता दगडाचं तट्टू आहे. भाद्रपदात खैरदऱ्यातल्या बायका फणीला निघालेले केस वर्षभर साठवून आणतात आणि त्याला नवं गंगावन बांधतात. पण नुसते गळालेले केस चालत नाहीत. प्रत्येकाला तिथं उभ्याउभ्या डोक्याचा एक केस द्यावा लागतो, आणि तो शेजाऱ्यानं उपटायचा असतो.

एरवीही त्या गावात कुणी दुसऱ्याच्या झाडाचा पेरू तोडला आणि "एकच तर घेतला" म्हणाला, तर कुणी भांडत नाही. झाडाचा मालक फक्त त्याच्या डोक्याकडं हात नेतो.